पास की तिकीट, विहीणबाई?

विहीणबाई, गेल्या आठवड्यात तुमच्या दहाव्याला माइकवर माझं नाव पुकारलं. आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. एका बाजूला पिंडाची तयारी चाललेली असते आणि शेडखाली एकेक जण उठून श्रद्धांजली वाहत असतो. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. कष्टाळू, मनमिळाऊ, मातृतुल्य असे सगळे शब्द येऊन गेले. मग निवेदक म्हणाला, "आता त्यांच्या विहीणबाई, निरगुडसरच्या निवृत्त शिक्षिका, दोन शब्द बोलतील." मी माइक हातात घेतला. तीस वर्षं वर्गात घसा फोडलेली बाई मी, पण "विहीणबाई" एवढं म्हणाले आणि पुढे गाडी सरकेना. शेजारच्या बाईनं पाठीवर हात ठेवून मला खाली बसवलं. सगळ्यांना वाटलं, हुंदका आला. हुंदका नव्हता आला. खोटं बोलवत नव्हतं आणि खरं त्या शेडखाली बोलण्यासारखं नव्हतं.

कावळा मात्र लगेच शिवला. पाच मिनिटंसुद्धा थांबावं लागलं नाही. "काही इच्छा राहिली नव्हती माउलीची," असं म्हणत लोक उठले, चपला शोधू लागले. मी तिथेच बसून राहिले. तुमची एक इच्छा राहिली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती मीच राहू दिली. बोलता आलं नाही ते निदान लिहून काढावं म्हणून आज वही उघडली. मास्तरणीची खोड, दुसरं काय.

आपली ओळखच मुळी भांडणानं झाली. तुमची मनीषा मंचरच्या कॉलेजात, माझा संदीपही तिथेच. दोघांची गाठ एसटी स्टँडवर पडली, आणि आम्हाला कळलं तेव्हा पोरं लग्नाचं ठरवून मोकळी झाली होती. आम्ही बागाईतवाले, तुम्ही मेंढरांमागे हिंडलेल्या घरातल्या. आमच्या भावकीत दोन दिवस चुली पेटल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. तुम्हाला समजावायला म्हणून आम्ही चौघं जीपमधून लोणीला आलो. समजावणं कसलं, धमकावायलाच आलो होतो. तुम्ही पोत्यावर बसून कांद्याची पात निवडत होता. पुरुष माणसं घसा खाकरत राहिली आणि मीच तोंड उघडलं. म्हणाले, "पोरीला पास काढून दिलात, तिथंच चुकलं तुमचं. रोज तिकिटाला पैसे मागावे लागले असते, तर वेळेत घरी आली असती."

शिकलेल्या बाईच्या तोंडचं वाक्य होतं हे! शाळेत मुलींच्या पासाच्या अर्जांवर शिक्के मारून घेणारी मी, आणि तुमच्या दारात बसून हे बोलले.

तुम्ही पात खाली ठेवली नाही. म्हणालात, "पास मीच काढला. पोरीला रोज सकाळी बापाम्होरं हात पसरायला नगं म्हणून काढला. पुन्यांदा काढायची येळ आली तर पुन्यांदा काढीन." आणि वर, "च्या घेनार ना समदी?" म्हणून विचारलंत. आम्ही चहा न घेताच उठलो. लग्न व्हायचं ते झालंच. त्यानंतर मी दोन वर्षं तुमचं तोंड पाहिलं नाही.

मग हे गेले. संदीप-मनीषा तोवर स्वित्झर्लंडला पोचले होते. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि मी त्या चार खोल्यांत एकटी उरले. तेव्हा तुमचा पहिला फोन आला. दुपारचे चार वाजले होते. "विहीणबाई, जेवला का?" चार वाजता जेवणाचं कोण विचारतं? पण मी खरंच जेवले नव्हते, आणि ते तुम्हाला लोणीत बसून कळलं होतं. "उठा, भात तरी टाका. मी हाय फोनवं," म्हणालात. कुकरची शिट्टी होईपर्यंत तुम्ही फोन ठेवला नाही. तुमचं माणूस त्याच्या आदल्या वर्षीच गेलेलं. रिकामं घर कसं अंगावर येतं, ते तुम्हाला सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून चारचा फोन कधी चुकला नाही. त्यात काय बोलायचो आपण? शेळी व्यायली, मोटार जळली, मालिकेतली सासू सुधारली. तेवढ्यावर माझा दिवस तरून जायचा.

पोरांनी दोघींना एकदमच बोलावलं, तेव्हा हा पास-तिकिटाचा वाद सुरू झाला. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत मिळून रेल्वेचा एक रूळ नाही. येणार येणार म्हणून आपण नुसतं ऐकतो. माझं माहेर पिंपळवंडी. तिथल्या माझ्या भावानं तर जन्मात एकदाच आगगाडी पाहिली. आणि अशा मुलखातल्या दोन बायका रोज चार वाजता परदेशातल्या रेल्वेचा काथ्याकूट करत होत्या! संदीपनं सांगितलं होतं ते इतकंच, की तिथे दोन तऱ्हा असतात. पास काढला तर ठरलेले दिवस कुठल्याही गाडीत चढायचं, कुठेही उतरायचं. नाहीतर आधीपासून एकेका प्रवासाचं तिकीट काढून ठेवायचं. ते स्वस्त पडतं, पण त्याच गाडीत बसावं लागतं, आणि मध्येच उतरलं की ते तिकीट संपलं. रोज फिरणार असाल तर पास, दोन-तीनदाच बाहेर पडणार असाल तर तिकिटं. बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

मी लगेच वही काढली. वार, गाडी, वेळ, फलाट, उतरायचं ठिकाण असे रकाने आखले. कागदावर गाडीचा नंबर असला की मला झोप लागते. तुम्हाला ते वाचून दाखवलं, तर तुम्ही खो खो हसलात.

"आवो, ही शाळा हाय का परवास?"

"मग पास काढून करणार काय? कुठं उतरायचं ते आधी नको का माहीत?"

"आमी कोकनात मेंढरं घिऊन जायचो, तवा सासरा सकाळी उठून नदर टाकायचा. गवत बगून मुक्काम. आदल्या दिशी ठरवून कसं जमंल? तितं गवत हाय का न्हाई, ते तितं गेल्याबिगार कळतं व्हय?"

"तिथं गवत बघायला चाललोय का आपण?"

"मंग काय बगायला चाललोय?" तुम्ही विचारलंत. आणि वर, "तुमी मास्तरीनबाई, तुमाला पास म्हनलं की परीक्षाच दिसती."

असं पंधरा दिवस चाललं. मी तुम्हाला हिशोबानं पटवायला जायची, तुम्ही मला मेंढरांनी पटवायला यायचात. पण त्या पंधरा दिवसांत 'पास' हा शब्द आपण दोघींनी शंभरदा तरी उच्चारला, आणि त्या पहिल्या पासाबद्दल एकीनंही चकार शब्द काढला नाही. तो फोनच्या तारेत बसलेला मला दर वेळी दिसायचा. तुम्हालाही दिसत असणारच. 'विहीणबाई, मी त्या दिवशी वाईट बोलले,' एवढंच म्हणायचं होतं. रोज उद्यावर टाकलं. ते आता म्हणते. मी वाईट बोलले. तुम्ही पोरीला पास काढून दिलात म्हणून ती शिकली, म्हणूनच माझ्या घरात आली, आणि तिच्यासारखी सून मला दिवा घेऊन शोधूनही सापडली नसती. तुमच्या जिवंतपणी हे म्हणायला काय झालं होतं मला, देव जाणे.

शेवटी तुम्हीच माघार घेतलीत. "बरं, तिकीट तर तिकीट. तुमचा जीव थाऱ्यावं ऱ्हाऊंद्या."

आता त्या दिवसाचं लिहायला हवं. संदीपला कामासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. तो पहाटेच गेला. मनीषानं आपल्या दोघींना सकाळच्या गाडीत बसवून दिलं; तीन तासांनी तो पलीकडे उतरवून घेणार होता. तुमचं नऊवारी, त्यावर संदीपचा जाड कोट आणि पायात मनीषाचे पांढरे बूट. माझ्या पर्समध्ये दोघींची तिकिटं, त्यावर मी दर पाच मिनिटांनी हात ठेवून बघत होते. डब्यात सगळे चिडीचूप. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "हितं कुनी मेलंय का काय? कोन बोलंनाच." मला हसू आवरेना. एवढं मोकळं मी हे गेल्यानंतर पहिल्यांदाच हसले असेन.

समोर एक जोडपं बसलं होतं. मराठी ऐकून बाई खुलली. पुण्याची होती. कुठल्या, काय करता, मुलगा कुठे असतो, सगळी चौकशी झाली. मी शिक्षिका होते हे सांगितलं, मुलगा इंजिनिअर हे सांगितलं. तिनं तुमच्याकडे पाहून विचारलं, "आणि या?"

मी म्हणाले, "आमच्या नात्यातल्या आहेत."

विहीण म्हणाले नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. ऐकलंत की नाही, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. पण ऐकलंत. डबा शांत होता.

थोड्या वेळानं गाडी एका बारक्या स्टेशनात थांबली. फलाटाला लागूनच तारेचं कुंपण, कुंपणाआड पंचवीसएक मेंढरं, आणि आपल्याच वयाची एक बाई. तिनं एक मेंढी ढुंगणावर बसवून, पाठ आपल्या गुडघ्याला टेकवून धरली होती आणि ती तिचे खूर कापत होती. तुम्ही ताडकन उठलात. "आवो बगा बगा! आपल्यावानीच धरलीय! उतरा विहीणबाई, पाचच मिन्टं. बोलू तिच्यासंगं."

"काय बोलणार? भाषा येते का तिची?"

"मेंढराला काय भाषा लागतीय? तिचा मागला खूर बगा, लई वाडलाय. मी धरते की."

तुम्ही दाराकडे दोन पावलं टाकलीसुद्धा. मी तुमचा पदर धरला, अगदी मुठीत धरला. म्हणाले, "खाली बसा. तिकीट ह्याच गाडीचं आहे. उतरलं की संपलं."

"मंग दुसरं काडू."

"बसा म्हणते ना!"

हे मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. तुम्ही बसलात. दार लागलं, गाडी हलली. मान वळेल तिथवर वळवून तुम्ही मागे बघत राहिलात. मग पदर नीट केलात, पिशवीतून दशमी काढलीत आणि अर्धी माझ्या हातात ठेवलीत. समोरच्या बाईलाही विचारलंत, "घ्या की वाईच."

विहीणबाई, तिकीट हे खरं कारण नव्हतं. दुसरं तिकीट सहज निघालं असतं. परक्या स्टेशनात उतरायची भीती होती, हे खरं, पण अर्धंच. उरलेलं हे, की त्या पुण्याच्या बाईसमोर तुम्ही मेंढी धरून बसला असतात, खूर कापत, आपल्या भाषेत तिला चुचकारत, आणि मग मी कुणाची कोण ते लपलं नसतं. मला लाज वाटली. जिच्या फोनवर मी जगत होते, तिची मला लाज वाटली. ती बाई दोन स्टेशनांनंतर उतरून गेली. तिचं नावही मला आठवत नाही. तिच्यासाठी मी तुम्हाला खाली बसवलं.

परतताना विमानात तुम्ही एवढंच म्हणालात, "म्होरल्या टायमाला मातुर पास हां." मी मान डोलावली.

पुढच्या तीन वर्षांत आपण ते म्होरलं टाइम किती वेळा आखलं! कधी तुमचा कांदा काढायचा असायचा, कधी माझे गुडघे रुसायचे. पण पासाचं पक्कं झालं होतं. मी म्हणायची, पास असला तरी यादी हवी. तुम्ही म्हणायचात, यादी करा आन् घरी इसरून या. हा वाद तसाच राहिला. येत्या उन्हाळ्यात जायचं म्हणून मनीषानं तारखासुद्धा विचारल्या होत्या. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, ते स्टेशन शोधायचं आणि तुमच्या आधी मीच उतरायचं. मग त्या दिवशी सकाळी तुम्ही शेळ्यांना पाला टाकता टाकता भिंतीला टेकून बसलात आणि उठलाच नाहीत. मला निरोप आला तो शेजाऱ्यांच्या फोनवरून, दुपारी. चार वाजायच्या आधी.

आता चार वाजतात आणि वाजून जातात. मी जेवलेली असते, तरी कुणीतरी विचारावं असं वाटतं. टीव्ही मोठ्यानं लावून पाहिला. भावाकडे पिंपळवंडीला दोन दिवस राहून आले. घर भरलेलं, पोरांचा गोंगाट, आणि मी त्यात बसून घड्याळ बघते. एकटेपणाची मला सवय आहे असं मी लोकांना सांगायची. ती सवय नव्हती, तुम्ही होतात.

तेरावा झाला आणि मनीषा-संदीप चार दिवस माझ्याकडे येऊन राहिले. काल सकाळी ओट्यावर मनीषा मेथी निवडत होती, मी लसूण सोलत होते. ती तुमच्यासारखीच निवडते, प्रत्येक काडी मोडल्याचा आवाज ऐकत असल्यासारखी. मध्येच म्हणाली, "आई, एक सांगू? आयेनं मला तेव्हा रेल्वेतलं सांगितलं होतं."

मी पुढची पाकळी सोलायला घेतली.

"ती म्हणाली, खिडकीतून मेंढरं दिसली. तर विहीणबाई मला म्हनल्या, उतरा, जावा बगून या. तिकीट ग्येलं तर जाऊंद्या, मी बी उतरते तुमच्यासंगं. पन मीच भ्याले गं मने, मीच बसून ऱ्हायले." मनीषा तुमच्याच आवाजात बोलत होती. मग डोळे पुसून म्हणाली, "आई, लग्नाच्या वेळी तुम्ही आयेला जे बोललात ना, ते माझ्या मनातून जात नव्हतं. तुम्हाला वाढताना, तुमच्याशी हसताना ते मध्ये यायचं. आयेनं हे सांगितलं त्या दिवशी गेलं. तुम्ही तिच्यासाठी गाडी सोडायला तयार झालात, म्हटलं, फिटलं सगळं."

विहीणबाई, काय करून ठेवलंत हे! मला पांघरूण घातलंत ते घातलंत, वर माझ्या अंगावर असं सोनं चढवलंत, की ते मला पेलवेना. गप्प बसले असते तर काहीच बिघडलं नसतं. सून मला आयुष्यभर चांगली म्हणत राहिली असती, आणि तुम्हालाही तेच हवं होतं. पण तुम्ही भ्यालात? तुम्ही? कोकणातल्या घाटात मेंढरं हाकलेली बाई एका दोन हात रुंदीच्या दाराला भ्याली, असं तुमच्या लेकीनं जन्मभर मानायचं? माझी अब्रू राखायला तुम्ही आपली हिंमत दिलीत. ती ठेवून घेणं मला जमलं नाही.

मी तिला खरं ते सांगितलं. पदर धरला ते सांगितलं, वर्गातला आवाज सांगितला, 'नात्यातल्या आहेत' हेही सांगितलं. "तुझी आई भ्याली नव्हती. ती दारापर्यंत गेली होती," म्हणाले.

निवडलेली मेथी आणि काड्या मनीषानं एकाच ताटात करून टाकल्या. मग म्हणाली, "कशाला सांगितलंत, आई? आये गेली. तिनं दिलेलं तेवढं तरी राहू द्यायचं होतं मला." आणि उठून आत गेली.

आज सकाळी ते दोघं निघाले. तिनं वाकून नमस्कार केला, गोळ्यांची डबी दाखवली, सकाळच्या कुठल्या, संध्याकाळच्या कुठल्या. उन्हाळ्यातल्या प्रवासाचं तिनं काढलं नाही. मीही विचारलं नाही. गाडी फाट्याकडे वळेपर्यंत मी उभी होते. संदीपनं काचेतून हात हलवला. ती पुढे बघत होती.

पोरीला तिची शूर आई परत दिली, की होती ती सासूही काढून घेतली, मला कळत नाही. सकाळपासून याच विचारात आहे. कुणाला तरी विचारावं म्हणून फोन हातात घेतला, सगळी नावं खालपर्यंत पाहिली आणि ठेवून दिला. माझं बरोबर की चूक हे तोंडावर सांगेल आणि तरीही मला टाकणार नाही, असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं नव्हतं, विहीणबाई.